ज्वारीने तोललेले इंजिन

रऊफ, काल तुझ्या शोकसभेत तुझे इंजिन तिघांनी निवडले. तिघेही एकामागून एक उभे राहिले, तिघांनीही डोळे पुसले, आणि शपथेवर सांगावे अशा सुरात तिघांनीही सांगितले की डॉक्टरसाहेबांच्या घरी बांधलेल्या, रेडिओवर उडणाऱ्या मोठ्या विमानाला कोणते इंजिन बसवायचे, हा निर्णय खरे तर त्यांचा होता. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. माझे नाव पुकारले तेव्हा मी हात जोडून नकार दिला. लोकांना वाटले, म्हाताऱ्याला गहिवरून आले. गहिवरून आले नव्हते. संताप आला होता, आणि संतापलेल्या माणसाने मृतात्म्याविषयी माइकवर बोलू नये एवढे भान मला अजून आहे. म्हणून हे छापायला लिहितो आहे. लिहिताना आवाज चढत नाही, आणि मध्येच चहा आणून कोणी थांबवत नाही.

सभा नुसतीच सभा असती तर मी सोडूनही दिले असते. पण सुरुवातीलाच तुझ्या नसीमने सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अब्बा नेहमी म्हणायचे, हे इंजिन मी एकट्यानं निवडलेलं नाही. ज्यानं निवडून दिलं त्याचंच ते आहे. माझ्यानंतर विमानासकट त्यालाच द्या. पण तो कोण, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा." पोरीने सरळ मनाने विचारले. तिला काय कल्पना, की ती एका विमानाचा वारस शोधत नाही, तुझा पहिला माणूस कोण हे शहराला विचारते आहे. या प्रश्नाला माझ्या हयातीत, माझ्या देखत तीन उत्तरे यावीत, आणि त्या तिन्हींत माझे नाव नसावे!

पहिला उठला सबनीस. तो उठणारच होता. सभेचा अध्यक्ष तोच, माइकही त्याच्याच गाडीतून आलेला. म्हणाला, "रऊफभाईंनी मला विचारलं, सबनीस, छोटं घेऊ की मोठं? मी म्हटलं, इंजिन नेहमी एक माप मोठं घ्यावं. ताकद हाताशी असावी. वापरलीच पाहिजे असं नाही." आणि मान डोलवली, जणू हे वाक्य त्याने पुण्याहून बरोबर आणले होते. रऊफ, तो काळ मला लख्ख आठवतो. सबनीस तेव्हा बँकेच्या बदलीवर नुकताच आपल्या शहरात आला होता आणि तुझ्याकडे खालच्या दातांचा ब्रिज बसवायला येत असे. विमानाविषयी त्याला एवढेच ठाऊक होते की ते वर जाते. तोंडात दोन बोटे कापूस घेऊन त्याने तुला सल्ला दिला असेल तर तो तुला ऐकू कसा आला, हे त्याने सांगावे.

दुसरा तुझा इलियास मिस्त्री, शहागंजात स्कूटरी दुरुस्त करणारा. तो बोलता बोलता रडलाही. "डॉक्टरसाब ने मेरेकू टेपपे दो इंजिनों की आवाज सुनाई. बोले, इलियास, आँख बंद कर और बोल. मैं बोल्या, साब, ये भारीवाला लो. पतला आवाजवाला आधे रस्ते में दम तोडताय." माणूस भला आहे, मी त्याच्या अश्रूंवर शंका घेत नाही. पण त्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता, रऊफ. त्याच्यात सनईसुद्धा भारी वाजायची.

तिसरी खुद्द नसीम; दोघांचे ऐकून तिलाही आपले आठवले. तू म्हणे तिच्यापुढे दोन चित्रे ठेवलीस, तिने एकावर बोट ठेवले आणि तू म्हणालास, "हेच." मुलीशी मी वाद घालत नाही. ती तेव्हा शाळेत होती, आणि शाळेतल्या मुलीने दोनांतल्या मोठ्या चित्रावर बोट ठेवावे यात नवल नाही.

आता खरे काय घडले ते मी सांगतो, कारण त्या खोलीत आपण दोघेच होतो.

खरे तर सुरुवात बाकावरून करायला हवी. पोलीस ॲक्शनने निजामाचे राज्य गेले, शाळेचे माध्यम बदलले आणि एका सकाळी तू उर्दूच्या वर्गातून उठून आमच्या मराठीच्या वर्गात माझ्या शेजारी येऊन बसलास. तुझे निम्मे नातेवाईक गाव सोडून गेले होते. तुझे वडील गेले नव्हते. तू मला पहिल्याच दिवशी विचारलेस, "ळ कसा काढायचा?" मी काढून दाखवला. तू म्हणालास, "हा तर उलटा पडलेला पतंग आहे." त्यानंतर आपण पतंग केले, मग कागदाची विमाने, मग रबर पिळून उडणारी, आणि पोटापाण्याचे ठरल्यावर, तू दातांचा डॉक्टर आणि मी चिकलठाण्याच्या कारखान्यात तपासणी विभागात, रेडिओच्या पेटीने जमिनीवरून चालवायची विमाने. माझ्या नोकरीवरून तू मला "इन्स्पेक्टर" म्हणू लागलास आणि मरेपर्यंत दुसऱ्या नावाने हाक मारली नाहीस. सबनीसला तू "सबनीससाहेब" म्हणायचास. या फरकाकडे मी सगळ्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

मोठे विमान हे तुझे स्वप्न. वर एक आणि खाली एक अशा पंखांच्या दोन जोड्या, जुन्या धाटणीचे आखूड नाक आणि लांब शेपूट. गुलमंडीमागच्या तुझ्या घराच्या वरच्या खोलीत त्याचा सांगाडा तयार झाला तेव्हा भाभी म्हणाल्या, "ये बाहर कैसे निकलेगा?" तोवर आपण दोघांनीही दाराचे माप घेतले नव्हते. खिडकीची चौकट काढावी लागली. तो दोष कोणाचा, यावर आपले शेवटपर्यंत एकमत झाले नाही.

आपण लहान विमानांसाठी जे इंजिन वापरत होतो त्याला मेथनॉलचे खास इंधन लागे. ते मुंबईहून यायचे, कधी यायचेच नाही, आणि आले की एरंडेलाच्या वासाने खोली भरून जायची. एवढ्या मोठ्या विमानाला ते परवडणारे नव्हते. हौशी मंडळी ज्याला गॅस इंजिन म्हणतात ते बसवायचे ठरले. नाव गॅसचे असले तरी ते चालते साध्या पेट्रोलवर, त्यात थोडे ऑइल मिसळून, स्कूटरसारखे. इथवर आपले एकमत होते. इथून पुढे भांडण.

मला छोटे हवे होते, सव्वीस सीसीचे. तुला मोठे, अडतीसचे. माझे म्हणणे असे की हलके विमान सावकाश उतरते, आणि विमान उतरवता येणे म्हणजेच विमान उडवता येणे. तुझे म्हणणे असे की मोठे इंजिन मोठा पंखा सावकाश फिरवते, त्याचा आवाज खर्जातला असतो आणि जुन्या विमानाला तोच शोभतो. मी म्हणालो, आपण विमान बांधतो आहोत, हार्मोनियम नाही. तू म्हणालास, तुला कान नाहीत. मी म्हणालो, मोठ्या इंजिनाची ठिणगीही मोठी, ती रेडिओत खरखर करील आणि विमान भलतीकडे जाईल. तू म्हणालास, ठिणगीची पेटी आणि रेडिओ यांच्यात हातभर अंतर ठेवीन, तुझ्यात आणि तुझ्या सासऱ्यात ठेवतोस तसं.

यातले निम्मे वाद तू तुझ्या दवाखान्यात घातलेस, आणि ते न्याय्य नव्हते. मी खुर्चीत आडवा, तोंड उघडे, गालात कापूस. तू आरसा घालून आत बघत म्हणायचास, "तर मग इन्स्पेक्टर, अडतीस सीसी घ्यायला तुझी काही हरकत नाही ना?" मी हात हलवायचो. तू कंपाउंडरला सांगायचास, "बघ, साहेब हो म्हणाले." त्या हिवाळ्यात माझ्या एकाच दाढेचे तू पुन्हा पुन्हा एक्स-रे काढलेस. मी चिडून विचारले, "एका दाढेला एवढे कशाला?" तू शांतपणे म्हणालास, "तू हलतोस."

शेवटी तूच तोडगा काढलास. एका रविवारी सकाळी निरोप आला, तुझी स्पिरिट लेव्हल घेऊन ये. मी आलो तर विमान छताच्या कडीला टांगलेले, इंजिनाची जागा मोकळी, आणि तिथे भाभींची एक रिकामी कापडी पिशवी बांधलेली. जमिनीवर ज्वारीने भरलेले पातेले. तू म्हणालास, "भांडण बास. विमानालाच विचारू."

वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की विमान कोणत्या ठिकाणी टांगायचे ती खूण नकाशात ठरलेली असते, आणि त्या खुणेवर टांगले की ते आडवे, सपाट राहिले पाहिजे. नाक खाली झुकले तर ते उतरताना जमिनीत घुसते; शेपूट झुकले तर हवेत आवरत नाही. इंजिनाशिवाय टांगलेल्या विमानाचे शेपूट खाली जाणारच. ते सपाट होण्यासाठी नाकाकडे जेवढे वजन घालावे लागेल, तेवढ्या वजनाचे इंजिन घ्यायचे. आणि नाक आखूड, शेपूट लांब असले म्हणजे शेपटीकडे जरासे काही जास्त असले तरी नाकाकडे त्याच्या कितीतरी पट घालावे लागते. शाळेतल्या तरफेचे गणित आहे, दुसरे काही नाही.

मी शेपटीच्या आडव्या पंखावर लेव्हल ठेवली आणि तिच्या काचनळीतल्या बुडबुड्यावर डोळा लावून बसलो; बुडबुडा मध्यावर म्हणजे विमान सपाट. तू वाटीने ज्वारी ओतू लागलास. ओतताना तू एक शब्द बोलला नाहीस, आणि तू गप्प आहेस याचेच मला कौतुक वाटत होते. छोट्या इंजिनाच्या वजनाइतकी ज्वारी पडून गेली. बुडबुडा अजून एका टोकाला. तू थांबून विचारलेस, "बस?"

मी म्हणालो, "नाही."

"नीट बघ."

"बघतोय. ओत."

तू ओतलीस. पुन्हा थांबलास. "सोच ले, इन्स्पेक्टर. तुझं छोटं इंजिन गेलं हां."

"मी बुडबुडा बघतोय, तुझं तोंड नाही. ओत."

बुडबुडा सरकत सरकत मध्यावर आला तेव्हा मीच हात वर केला आणि मीच म्हणालो, "बस." आपण ती पिशवी सोडून खाली गुलमंडीतल्या किराणा दुकानात नेली, तराजूत टाकली. दुकानदाराने विचारले, "विकायची का?" वजन भरले ते मोठ्या इंजिनाचे, त्याच्या सायलेन्सरसकट, ठिणगीच्या पेटीसकट, बॅटरी आणि पंख्यासकट. जवळजवळ दाण्याला दाणा.

तू दुकानाच्या पायरीवर बसून म्हणालास, "तू म्हणतोस म्हणून मोठं घेतो. उद्या मला बोल लावायचा नाही."

मी म्हणालो, "मोजमाप माझं आहे. बोल लावायचा प्रश्नच नाही."

रऊफ, तो माझ्या आयुष्यातला मानाचा दिवस होता. माझे मत छोट्या इंजिनाचे, आणि निकाल मी स्वतः मोठ्याच्या बाजूने दिला. कारखान्यात मी एवढी वर्षे माणसांचे काम नापास केले होते. त्या दिवशी स्वतःचे मत नापास केले. भाभींनी त्याच ज्वारीच्या भाकरी केल्या. तू पहिला तुकडा मोडून म्हणालास, "इन्स्पेक्टर, इंजिन कसं लागतंय?" आणि भाभी आतून ओरडल्या, "दोनों मिल के इंजिन खाते बैठो! पेट्रोल की बू घर में लाए तो मैं देखती."

म्हणून मी म्हणतो, ते इंजिन ज्वारीने निवडले, आणि "बस" मी म्हणालो. सबनीसच्या वाक्याने नव्हे, इलियासच्या कानाने नव्हे, नसीमच्या बोटानेही नव्हे.

विमान पहिल्यांदा वर गेले तेव्हा पैठण रस्त्यावरच्या त्या माळावर आपण दोघेच होतो. एवढे मोठे विमान सुरू करायला दोन माणसे लागतात: एक पुढे पंख्याला झटका देणारा, एक मागे शेपूट धरून बसणारा. इंजिन पेटले की विमान पळू पाहते, आणि मागच्याने ते मुठीत आवरायचे असते, पुढचा बाजूला होऊन रेडिओ हातात घेईपर्यंत. तू पुढे, मी मागे. धुळीत गुडघे टेकून शेपूट पोटाशी धरले की इंजिनाचा तो खर्जातला आवाज छातीत उतरायचा. तुझे बरोबर होते, त्या आवाजाबद्दल. हे मी तुला कधी सांगितले नाही आणि आताही जाहीरपणे सांगणार नाही. मग तू मान वळवून म्हणायचास, "छोड." आणि मी सोडायचो.

पुढे सबनीस आला. त्याच्याकडे गाडी होती, घडीच्या खुर्च्या होत्या, परदेशी रेडिओ होता, सावलीसाठी छत्री होती. माझ्याकडे दोन गुडघे होते, तेही नंतर राहिले नाहीत. रविवारी सकाळी त्याची गाडी तुझ्या दारात थांबायची आणि मी नवीन घरातून बसने माळावर पोचेपर्यंत इंजिन तापलेले असायचे, शेपूट दुसऱ्याच्या हातात. तू हाक मारायचास, "आओ, आओ इन्स्पेक्टर, चहा घे." मला चहा नको होता, रऊफ. मी चहासाठी दोन बस बदलून येत नव्हतो.

आणि सबनीसची एक कायमची तक्रार. विमान उतरले की प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "रऊफभाई, हे विमान जड आहे. उतरताना किती वेगात येतं बघा. कुठंतरी वजन जास्त झालंय." मी तिथल्या तिथे सुनवायचो, "वजन बरोबर आहे. ज्वारीनं तोललेलं आहे. तेव्हा तुम्ही इथं नव्हतात." तो तुझ्याकडे बघायचा. तू सुपारी चघळत म्हणायचास, "इन्स्पेक्टर म्हणतात तेच वजन." मला वाटायचे, या एका बाबतीत तरी तू माझ्या बाजूने उभा राहतोस. एकीकडे तू माझी अशी बाजू घ्यायचास, आणि दुसरीकडे शेपटीला काही झाले, कापड फाटले, काडी मोडली, तर मला हात लावू देत नव्हतास. "राहू दे, मी घरी करीन." पंखाची दुरुस्ती मी करू शकतो, चाकांची करू शकतो, शेपटीची मात्र नाही. शेपूट धरायला मी, उघडायला नाही. मी ठरवून टाकले होते की माझ्या हातावर तुझा विश्वास राहिला नाही. हे मी तुला बोलून दाखवायला हवे होते. तुझ्या शेवटच्या आजारपणात इस्पितळात आलो तेव्हा बोलणारही होतो. पण सबनीस तुझ्या उशाशी मोसंबी सोलत बसला होता. मी बाहेरच्या बाकावर त्याच्या जाण्याची वाट पाहिली. तो गेला आणि नर्सने भेटीची वेळ संपल्याचे सांगितले. दारातून मी डोकावलो, तू हात वर केलास. मीही केला. एवढेच.

आज सकाळी मी तुझ्या घरी गेलो. नसीमला म्हणालो, "बेटा, काल जे ऐकलंस ते सोडून दे. निकाल मी देतो." आणि ज्वारीची सगळी हकीकत सांगितली. भाभी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"भाईसाब, पर वो इंजिन तो जुवार के पहलेच आ गया था."

मी म्हणालो, "भाभी, तुमची काहीतरी गल्लत होतेय."

"कायकी गल्लत? मेरे देवर शारजा से आए थे नंद की शादी में, वो लाए. मेरेच दहेज की पेटी में रखा था, रजाइयों के नीचे. मैं बोली, भाईसाब को क्यों नै बताते? तो बोले, अभी नक्को, उसको खुद पसंद करने दो."

रऊफ, माझ्या वयात असे ऐकल्यावर माणूस पाणी मागतो. मी मागितले नाही. मी म्हणालो, हे शक्य नाही. ज्वारी खोटे बोलत नाही. बुडबुडा खोटे बोलत नाही. इंजिन आधीच घरात होते असे धरले, तरी विमानाने नेमके तेवढेच वजन कसे मागावे? नसीम म्हणाली, "चाचा, विमान वरतीच आहे. बघायचं का?"

लेव्हल माझ्याजवळ होती. ती मी निघतानाच पिशवीत टाकली होती. का, ते विचारू नकोस. जिना चढलो, मध्ये दोनदा थांबून. विमान कडीला टांगलेले होते, बहुतेक तूच शेवटचे टांगलेले. लेव्हल ठेवली. बुडबुडा मध्यावर. मग मी ते केले जे तू मला एवढी वर्षे करू दिले नाहीस. तुझ्याच टेबलावरचे ब्लेड घेतले आणि शेपटीच्या पोटाचे कापड शिवणीवर उसवले.

आत, सगळ्यात मागच्या कप्प्यात, डिंकाने चिकटवलेला एक गठ्ठा होता. राखाडी, मऊ, पानांवर पाने दाबून केलेला, वर्ख लावलेल्या विड्यांच्या चळतीसारखा. मी नखाने एक पान सोडवले. बोटभर लांबीचे, कागदासारखे पातळ आणि हातात घेतले तर नको तेवढे जड. शिसे.

भाभी मागून वाकून बघत होत्या. "ये तो दवाखाने की पन्नी है," त्या म्हणाल्या. "एक्स-रे की. दाँत के फोटो की छोटी पुडी रहती ना, उसके अंदर निकलती. महिनों से जमा कर रहे थे. मैं समझी, पान के डिब्बे में लगाएँगे."

मी तिथेच पलंगावर बसलो. हिशेब करायला मला वेळ लागला नाही. तो तर माझा धंदाच होता. शेपटीत मूठभर शिसे, म्हणजे नाकाकडे त्याच्या कित्येक पट ज्वारी. छोट्या इंजिनाचा पल्ला ओलांडून बरोबर मोठ्यापर्यंत. तू आधी मोजून ठेवले होतेस, रऊफ. त्या रविवारी तू गप्प राहून ओतत होतास, मध्येच थांबून "बस?" विचारत होतास, आणि मी बुडबुड्याला डोळा लावून तुझा निकाल माझ्या तोंडून देत होतो. त्या पानांतली दोन-चार तर माझ्याच दाढेची असणार. म्हणे, तू हलतोस!

मला खूप राग आला. तो अजून आहे. पण तिथे बसल्या बसल्या दुसरेही काही ध्यानात आले आणि ते मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण हा लेख छापून येईल तेव्हा सबनीस तो वाचेलच. वाचावा.

तू त्याला विचारलेस, छोटे घेऊ की मोठे, तेव्हा इंजिन रजयांखाली होते. इलियासला टेप ऐकवलीस, नसीमपुढे चित्रे ठेवलीस, तेव्हाही ते तिथेच होते. तुला प्रत्येकाला त्या विमानात घ्यायचे होते, म्हणून प्रत्येकाच्या हाती तू निवड ठेवलीस. कालची तिन्ही माणसे खरे बोलत होती, हे मला मान्य करावे लागते, मान्य करतो. पण सबनीससाठी तू काय केलेस? एक प्रश्न विचारलास. इलियाससाठी एक टेप लावलीस. पोटच्या मुलीसाठी दोन चित्रे. आणि माझ्यासाठी? माझ्यासाठी महिनोन्‌महिने परक्यांच्या दातांतले शिसे गोळा केलेस, पानावर पान दाबलेस, स्वतःच्या विमानाचे शेपूट उघडून त्यात भरलेस. ज्याला विमान उडवायचे आहे असा माणूस आपल्या हाताने शेपटीत शिसे भरत नाही, रऊफ. तू भरलेस. आणि ते तिथेच ठेवलेस, कारण काढले असते तर माझे माप चुकले असते. इतकी वर्षे प्रत्येक उड्डाणात ते विमान तेवढे ओझे घेऊन वर गेले आणि जड होऊन खाली आले, सबनीसची बोलणी खात, फक्त इन्स्पेक्टर म्हणाला तेच वजन बरोबर ठरावे म्हणून.

केले आहेस दुसऱ्या कोणासाठी असे? असेल तर त्याने पुढे यावे. मी वाट पाहतो.

नसीमने विचारले, "मग चाचा, इंजिन कुणाचं?"

मी म्हणालो, "माझं."

नसीमने सुई-दोरा आणून दिला आणि मी शिवण पुन्हा घातली. टाके वाकडे आले. तुझ्यासारखे जमले नाहीत. ते एक सोडवलेले पान मी खिशात घालून आणणार होतो. दारापर्यंत आलो, मग परत फिरलो, दोन टाके उसवून ते जागच्या जागी ठेवले. एका पानाने बुडबुडा हलला असता.

येत्या रविवारी विमान माळावर न्यायचे ठरले आहे. उडवणार सबनीस, माझे डोळे आता तेवढे लांबचे पाहू शकत नाहीत आणि त्याचा रेडिओ चांगला आहे, हे मी नाकारत नाही. पंख्याला झटका इलियास देईल. नसीम "छोड" म्हणेल. शेपूट मी धरणार आहे. गुडघे टेकता आले नाहीत तर मातीत बसून धरीन, पण दुसऱ्याला हात लावू देणार नाही. विमान उतरेल, वेगात उतरेल, आणि सबनीस सवयीने, आता माझ्याकडे वळून, म्हणेल की हे जड आहे.

मी म्हणेन, वजन बरोबर आहे.